सांगली-मिरजेत जुनी चारचाकी घेताना: सारखे विचारले जाणारे प्रश्न (पुरातल्या गाड्यांसकट)

बेदाण्याचे पैसे सुटले, ऊसबिल खात्यावर पडलं किंवा दसरा आठ दिवसांवर आला की माझा फोन वाजायला लागतोय, आणि प्रश्न तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी डीलर नाही, आरटीओ एजंट नाही, कुणाकडून कमिशनही घेत नाही. गाड्यांचा नाद आहे आणि लोकांबरोबर गाडी बघायला जातो, एवढंच. टू-व्हीलरचं गणित वेगळं असतंय, ते इथं नाही.

नवीन गाड्या स्वस्त झाल्यात म्हणे, मग जुनी घ्यायचीच कशाला?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा सेसपण गेला. छोटी म्हणजे चार मीटरच्या आत, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० पर्यंत. त्यामुळं दोन-तीन वर्षं जुनी हॅचबॅक घेणार असाल तर आधी शोरूमला जाऊन नवीनचं कोटेशन हातात घ्या, कारण बरेच जण अजून जुन्याच भावाच्या हिशोबात बसलेत आणि फरक बघितला तर कधीकधी नवीनच बरी पडते. पाच-सात वर्षं जुन्या गाडीला मात्र अजून अर्थ आहे. घरात माणसं जास्त, बजेट तीन-चार लाख, तर जुनीच बघावी लागतेय, दुसरा इलाज नाही.

पुरातली गाडी अजून विकायला येते का? पूर येऊन किती वर्षं झाली!

येते की. आणि फक्त आपलीच नाही, बाहेरच्या पुरातलीपण येते. २०१८ ला केरळात पूर आला, २०१५ ला चेन्नई बुडाली होती, आणि गाडीला चाकं असतात.

आपलं बघायचं तर २००५, मग २०१९ चा ऑगस्ट, मग २०२१ चा जुलै. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ आहे, म्हणजे बघा. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद इथं नको, तो चहाच्या गाड्यावर घालू.) गावभाग, शामरावनगर, दत्तनगर, सांगलवाडी, सूर्यवंशी प्लॉट, इथं लोक घरातलं सामान माडीवर चढवत होते, गाडी कुठं चढवणार? ज्यांना वेळ मिळाला त्यांनी विश्रामबागेत पाहुण्यांच्या दारात नेऊन लावली, बाकीच्यांच्या जागेवरच बुडाल्या.

मग पुढं काय होतं ते समजून घ्या. गाडीला फुल इन्शुरन्स असेल तर पूर त्यात धरलेला असतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी लिलावात भंगाराच्या भावानं जाते. कायमची निकामी झालेली गाडी मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायची आणि आरसी रद्द करून घ्यायची, असं कायदा सांगतो. पण लिलावातली गाडी आरसीसकट कुणाच्या तरी हातात पडली की ती धुतात, वाळवतात, सीट कव्हर नवीन घालतात आणि ती परत रस्त्यावर येते. आपल्याकडं आरसीवर “ही गाडी बुडाली होती” असा शिक्का कुठं मारत नाहीत, त्यामुळं कागद एकदम स्वच्छ दिसतो.

दुसरा प्रकार जास्त अवघड. थर्ड पार्टीवालाच इन्शुरन्स होता, म्हणजे क्लेम काही मिळणार नव्हता, मग मालकानंच फिटरकडं टाकून चालू करून घेतली. याची कुठंच नोंद नाही.

मग ओळखायची कशी?

बाहेरून बघून कळत नाही. पॉलिश मारलेली गाडी सगळ्यांचीच छान दिसते. मी हे या क्रमानं बघतो.

पहिलं सीटबेल्ट. नुसता लावून बघायचा नाही, शेवटपर्यंत ओढून काढायचा, चारही बेल्ट. गाडी धुणारा बाहेर दिसणारा बेल्ट धुतो, आत गुंडाळलेला कोण धुवत बसत नाही. एकदा कोल्हापूर रोडला एक हॅचबॅक बघायला गेलो, वरून एकदम झकास, ड्रायव्हर बाजूचा बेल्ट पूर्ण ओढला तर शेवटच्या वीतभर पट्टीवर तपकिरी रेघ, आडवी, सरळ, आणि त्याच्या खालचा सगळा भाग कडक झालेला. विकणारा म्हणाला चहा सांडलाय. म्हटलं चारही बेल्टवर एकाच उंचीला?

मग दार उघडून खालचं रबर बोटानं ओढा आणि कार्पेटचा कोपरा उचला. विकणारा म्हणेल “अहो फाटेल ते”, तर म्हणावं हळू उचलतो. कार्पेटखाली फोमसारखा थर असतो, त्यात आपल्या नदीचा काळा गाळ बसला की कितीही धुवा, बोटाला बारीक पीठ लागतंच. सीटच्या खाली मोबाईलचा टॉर्च मारा, रेल आणि बोल्ट बघा. पाच वर्षांच्या गाडीच्या सीटखालचे बोल्ट लाल गंजलेले असायचं काही कारण नाही, तिथं पाऊस पोचत नाही. स्टेपनी काढा, तिच्या खालच्या खड्ड्यात कडेला रेघ दिसते का बघा.

बॉनेट उघडल्यावर इंजिन बघू नका, ते चकाचकच असणार, डिझेल मारून धुतलेलं. फ्यूज बॉक्सचं झाकण काढा. वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवट पावडर दिसली तर तांब्याला पाणी लागलंय. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये फटीतून टॉर्च मारा, तिथली माती काढायला दोन्ही खोलावं लागतंय म्हणून ती तशीच राहते. हेडलाइटच्या आत एका बाजूला धुकं असेल आणि दुसरी लाइट नवी कोरी असेल तर का बदलली ते विचारा.

चावी फिरवून इंजिन चालू न करता मीटरकडं बघा. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत आणि थोड्या सेकंदांनी विझले पाहिजेत. विझले नाहीत तर बिघाड आहे हे सगळ्यांना कळतंय. पण ते लागलेच नाहीत तर कुणीतरी तो दिवाच बंद करून ठेवलाय, आणि हे जास्त वाईट. सगळ्या काचा, सेंट्रल लॉक, स्पीकर, वायपर, मागचा डीफॉगर, एकेक चालवून बघा. पाण्यातल्या गाडीचं इंजिन नीट करता येतं हो, पण वायरिंग वर्षभरानं, दोन वर्षांनी त्रास द्यायला लागतं, आज काच बंद पडली, उद्या स्टार्टर, परवा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), आणि वायरमनकडं गेलं की तो म्हणतो “साहेब, फॉल्ट सापडत नाहीये”.

आणि वास. काचा बंद करून, एसी बंद, उन्हात थांबलेल्या गाडीत पाच मिनिटं बसा. ओलसर कुबट वास येतोय का बघा, आणि वास येऊ नये म्हणून डॅशबोर्डवर दोन-दोन परफ्यूम लावलेत का तेपण बघा.

एवढं सगळं बघू देत नाहीत हो.

मग ती गाडी घेऊ नका.

कागदावरून काही कळतं का?

कळतं, आणि हे फार कमी लोक करतात. जुन्या पॉलिस्या मागा, आत्ताची एकटी नको. पुरानंतर रिन्यू झालेल्या, म्हणजे २०१९-२० आणि २०२१-२२ च्या बघा. त्यात नो क्लेम बोनसचा (एनसीबी) रकाना असतो. क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. आधीच्या वर्षी ३५ आणि पुरानंतरच्या वर्षी एकदम शून्य, म्हणजे मधे क्लेम झालाय, मग कशाचा ते विचारायचं. एक लक्षात ठेवा, एनसीबी गाडीचा नसतो, माणसाचा असतो. मधे मालक बदलला असेल तर तसंही शून्य होतं, त्यामुळं लगेच भांडायला उठू नका, आरसीवरची मालकीची तारीख ताडून बघा.

शिवाय गाडी जिथं सर्व्हिसिंगला जायची तिथं नंबर सांगून हिस्ट्री काढायला मालकालाच लावा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अल्टरनेटर, स्टार्टर, बॅटरी, सीटचं फोम असं सगळं एकाच बिलात बदललेलं असेल तर पुढं बोलायची गरज नाही.

मालक सरळ सांगतोय की फक्त चाकं बुडाली होती. घेऊ का?

सरळ सांगणारा माणूस भेटला हेच विशेष. पाणी दाराच्या उंबऱ्याच्या खाली असेल आणि पाण्यात असताना गाडी चालू केली नसेल तर ब्रेक, व्हील बेअरिंग, गिअरबॉक्स ऑइल बघून घ्यायला हरकत नाही, भाव मात्र त्या मानानं. पाण्यातच सेल मारला असेल तर विषय वेगळा. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये जातं, पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या फुल इन्शुरन्समध्येही हे बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतंय. तुम्ही नदीकाठच्या भागात राहत असाल तर ते घ्याच.

मीटर मागं केलंय का ते कसं कळणार?

पेडलचं रबर, स्टिअरिंग, गिअरचा नॉब, ड्रायव्हर सीटची कड. मीटर ४० हजार सांगतंय आणि क्लचचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटर खोटं बोलतंय. टायरवर चार आकडी कोड असतो, ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. कमी पळालेल्या गाडीचे चारही टायर का बदलले असतील, विचार करा.

एमएच-०९, ११, ५०, १२ पासिंगची चालेल का?

चालेल. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, टॅक्स परत भरावा लागत नाही. “एमएच-१० च पाहिजे”, म्हणजे सांगलीचाच नंबर, हा हौसेचा भाग आहे. त्यासाठी चांगली कराड पासिंगची (एमएच-५०) गाडी सोडू नका.

आमचे पाहुणे गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात आहेत, दिल्ली पासिंगची गाडी निम्म्या भावात देतायत. घेऊ?

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव भागात हा प्रश्न हमखास. आपले गलाईवाले देशभर आहेत, यात्रेला-दिवाळीला गावाकडं येतात तेव्हा गल्लीत डीएल, केएल, टीएन, पीबी असं सगळं उभं असतंय.

दिल्लीची स्वस्त का असते ते बघा. तिथं १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला बंदीचा आदेश आला, एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) आधी आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टानंपण तेच धरलं. त्यानंतर त्यावर बरंच पुढं-मागं झालं, पण नऊ वर्षांच्या डिझेलला तिथं गिऱ्हाईक नाही ते नाहीच. म्हणजे स्वस्त आहे म्हणून खराबच असेल असं नाही, गाडी चांगली असू शकते.

पण खर्च धरा. तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), इथं महाराष्ट्राचा टॅक्स, नवीन नंबर, नवीन प्लेट. टॅक्स गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर ठरतो. नवीन डिझेलला आपल्याकडं १० लाखांपर्यंत १३ टक्के आहे, पेट्रोलला ११, जुन्या गाडीला वयाप्रमाणं कमी होत जातो. तिकडं भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी तिकडच्या आरटीओच्या मागं लागावं लागतंय, बहुतेक जण तो नाद सोडून देतात. मी तर म्हणतो एनओसी हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका, पाहुणा असला तरी. पाहुणा असला तर जास्तच, कारण नंतर भांडताही येत नाही.

आणि “तसाच नंबर ठेवून फिरवू” म्हणणाऱ्यांना, दुसऱ्या राज्याच्या नंबरावर १२ महिन्यांच्या वर गाडी इथं ठेवता येत नाही. जत-मिरजेकडं केए पासिंग फिरवणाऱ्यांनापण हाच नियम.

ट्रान्सफरला काय काय लागतं?

फॉर्म २९ आणि ३०, आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, दोघांचे आधार-पॅन. गाडीवर लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, एचपी (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरल्याशिवाय पुढं काही होत नाही. आता बरंच काम ऑनलाइन होतं आणि ओटीपी जुन्या मालकाच्या मोबाईलवर जातो. त्यामुळं पैसे पूर्ण देऊन झाल्यावर तो माणूस फोन उचलायचा बंद झाला की तुमची गाडी तुमच्या दारात, पण नाव त्याचं. मालकाचा मोबाईल नंबर ‘वाहन’ या आरटीओच्या ऑनलाइन सिस्टिमला जोडलेला आहे का, तो नंबर अजून चालू आहे का, हे व्यवहाराच्या आधी बघा.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालक, इन्शुरन्स, फायनान्स बघा, ई-चलनं वेगळी बघा. मागच्या मालकानं पुणे-बेंगळुरू हायवेला स्पीडचे फोटो किती काढून घेतलेत कुणाला माहीत.

मी गाडी विकली, समोरच्यानं ट्रान्सफर केलीच नाही. मला काय होणार?

सगळं तुम्हालाच होणार. अपघात झाला तर आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ ला स्पष्ट सांगितलंय. सह्या केलेले कोरे टीटीओ (मालकी बदलाचे) फॉर्म देऊन मोकळं व्हायची आपल्याकडं जी पद्धत आहे ना, ती बंद करा. कोऱ्या फॉर्मवर गाडी तीन हात फिरते आणि नाव तुमचंच राहतं. विकणाऱ्यानं राज्यातल्या व्यवहारात १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

डीलरला देत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून सोय आहे, अधिकृत डीलरच्या ताब्यात गाडी दिल्याचं फॉर्म २९सी वर ऑनलाइन कळवायचं, मग जबाबदारी त्याच्यावर जाते. डीलरला हा फॉर्म मागितला आणि तो हसला तर तो अधिकृत नाही.

मूळ मालक वारलेत, मुलगा विकतोय.

आधी वारसाच्या नावावर करून घ्यायला लावा (फॉर्म ३१), मग तुमच्या. “बाबांच्या सह्या आधीच घेऊन ठेवल्यात” असं कुणी म्हणालं तर हात जोडून बाहेर पडा. आणि बाकीच्या भावा-बहिणींची संमती आहे ना ते बघा. शेतीच्या वाटणीतली भांडणं गाडीवर निघालेली बघितलीत.

एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) आणि फॅन्सी नंबर?

१ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला ही प्लेट बसवून घ्यावी लागते. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. मुदत वाढत वाढत किती वेळा पुढं गेली ते सोडा, प्लेट नसेल तर ट्रान्सफरचं काम अडतंय, म्हणून विकणाऱ्यालाच बसवून द्यायला सांगा. त्या प्लेटवर “दादा”, “राम”, “बॉस” असं काही लिहून मिळत नाही. ४१४१ नंबर आहे म्हणून कुणी वीस हजार जास्त मागत असेल तर ते त्याच्या हौसेचे पैसे, तुमच्या नाही.

१५ वर्षं झालेली बोलेरो मिळतेय, घ्यावी का?

शेतावर, बांधावर, मळ्यात वापरायला बोलेरोसारखं काही नाही, पत्रा मजबूत आणि कुठल्याही गावातला फिटर उघडतो. पण १५ वर्षांनी आरसी रिन्यू करावी लागतेय, फिटनेस, ग्रीन टॅक्स आलाच, आणि चारचाकीची फी ५,००० रुपये, २० वर्षांच्या वर १०,०००. रिन्यू पाच वर्षांसाठी होते. रिन्यू झालेली असेल तर भाव द्या, नसेल तर तेवढे कमी करा. खालून चॅसी बघा, वेल्डिंग मारून काळा रंग दिलाय का. टो हुक जास्त झिजलेला असेल तर तिनं ट्रॉल्या ओढल्यात.

डिझेल स्विफ्ट?

मारुतीनं डिझेल २०२० ला बंद केलं, त्यामुळं सगळ्यात नवी म्हटली तरी तेवढी जुनी. १.३ चं इंजिन चांगलं आहे, मायलेज देतंय. सकाळी थंड इंजिनला स्टार्ट करा, टायमिंग चेनचा खडखड आवाज येतोय का ऐका. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत या.

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलनं जुनी गाडी खराब होते का?

आपला ऊस आपल्याच टाकीत येतोय, आता त्याला नावं काय ठेवायची. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पार्ट ई-२० साठीचे असतात. त्याआधीच्या गाडीला मायलेज ३ ते ६ टक्के कमी पडू शकतं, असं सरकारनंच सांगितलंय. जुन्या गाडीचे फ्यूएल पाइप, रबर, गॅस्केट तपासून बदलून घ्या. महिना-महिना न हलवता ठेवायची असेल तर काळजी घ्या, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतंय.

टेस्ट ड्राइव्ह कुठं घ्यावी?

विकणारा तुम्हाला विश्रामबागेतून एक फेरी मारून आणेल, त्यात काही कळत नाही. मिरज-पंढरपूर रोडला स्पीडला घ्या, हात हलका सोडून गाडी एका बाजूला ओढते का बघा, मग जमलं तर दंडोबाच्या चढाला. क्लच घसरत असेल तर चढावर इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. फिटर आपला न्या, त्याला त्याचे पैसे द्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा फिटर नको, आणि फुकट येणारा मित्रपण नको, तो “घे की भावा, मस्त आहे” एवढंच म्हणतो.

टोकन किती द्यायचं, पैसे कधी?

टोकन पाच-दहा हजार, आणि स्टॅम्पवर लिहून, त्यात “कागदात किंवा गाडीत पूर/अपघात लपवल्याचं आढळल्यास टोकन परत” हे वाक्य घाला. सही करायला कां-कू केली तर उत्तर मिळालं. बाकीचे पैसे बँकेतून द्या, रोख नको, आणि थोडी रक्कम ट्रान्सफरचं काम होईपर्यंत मागं ठेवा. ताबा घेताना तारीख आणि वेळ दोन्ही लिहून घ्या, त्याच्या आधीचं चलन किंवा लफडं तुमच्या गळ्यात नको. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करून घ्या. थर्ड पार्टी आपोआप येतो, पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं आणि पॉलिसी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर क्लेम मिळत नाही. जुलैमध्ये गाडी घेणाऱ्यांनी तर त्याच दिवशी करा.